उजवी सीट

निवृत्त बसड्रायव्हर कॉम्प्युटरवर विमान उडवायचा, पण पोरखेळ म्हणून नव्हे. वारा, इंधन, वजन, सगळं वहीत मांडल्याशिवाय तो चाक हलवत नसे. आणि विमान एकदा वर गेलं की मध्ये थांबवायचं नाही, हा त्याचा नेम.

त्या नेमापायीच, तीन महिन्यांपूर्वी आजारी थोरल्या बहिणीनं, ताईनं, आतून पाणी मागितलं तेव्हा तो ओरडला होता, “उतरलो की आणतो गं!” उतरायला अकरा मिनिटं लागली. तोवर पाण्याची गरज उरली नव्हती. घरात त्यानं सांगितलं, ताई झोपेतच गेली.

त्यानंतर आज दुपारी तो पहिल्यांदाच पुन्हा कॉम्प्युटरपुढं बसला.

“कुठं निघाली स्वारी?” पिशवी उचलत बायको म्हणाली. “येताना दूध तरी आणा, पायलटसाहेब. का तेही मीच आणू?” दार ओढून ती बाजाराला गेली.

त्यानं स्क्रीनवर वजनं भरली. स्वतःचं बहात्तर किलो. उजवी सीट रिकामी, म्हणून शून्य. पुढच्या ओळीवर गेला, तर शून्याच्या जागी अडतीस. त्यानं पुसलं. अडतीस पुन्हा आलं.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातल्या काट्यावर ताईला त्यानंच धरून उभं केलं होतं. काटा अडतिसावर थांबला होता.

“ताई, मी ऐकलं होतं गं,” तो पुटपुटला. “ऐकूनही उठलो नाही.”

अडतिसाचं शून्य झालं. त्याच्या छातीवरचा धोंडा जरा हलला, तोच आतल्या खोलीत ताईची खाट करकरली, कुणी सावकाश अंग टाकावं तशी.