घरचं रान

सारजाबाईची टाच हलली आणि बद्रीनाथनं कपाळावर हात मारला. फोटो गेला.

त्यानं पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. कॅमेरा आणि भिंगाच्या मध्ये काळा, घड्याघड्यांचा भाता बसवलेला होता. भाता जितका ताणावा, तितकी बारीक वस्तू मोठी दिसे. मुंबईहून हे बेलोज आणल्यापासून बद्रीनाथला मोठं काही दिसेनासंच झालं होतं. चिकलठाण्याच्या कारखान्यातून सुटला की तो घरात ओणवा होऊन हिंडायचा. मिठाचा खडा टिपला. सुईचं नेढं टिपलं. मुंगीपुढं गूळ ठेवला, तर ती गूळ घेऊन चालू लागली. माशी तर थेट भिंगावरच येऊन बसली आणि हात चोळत राहिली. मुकुंदवाडीतल्या शेजाऱ्यांना वाटलं, ही नवीन तऱ्हेची बाजाची पेटी असणार. भजनाला या म्हणून दोघंतिघं सांगूनही गेले.

त्याच्या बायकोनं, सारजाबाईनं मात्र निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, "या भात्याचा काई तरी उपेग दाखवा. नाय तर लोहाराला देऊन टाकीन."

म्हणून शहरातल्या फोटोंच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवायचंच, असं त्यानं ठरवलं. पण भाता ताणला की उजेड कमी पडे, आणि समोरची वस्तू केसभर हलली तरी सगळं धूसर. न हलणारी वस्तू हवी होती. रविवारी दुपारी सारजाबाई दाराशी बाजेवर गाढ झोपली होती. पाय तेवढे उन्हात आले होते. घरात त्या टाचेइतकं स्थिर दुसरं काहीच नव्हतं.

या वेळी टाचेवर माशी बसली नाही. बद्रीनाथनं श्वास रोखला आणि खटका दाबला.

प्रदर्शनात तो फोटो दाराएवढा करून टांगला. खोल खोल भेगा, सुटलेली ढेकळं, कडेकडेनं पांढरी धूळ. खाली नाव लिहायची बद्रीनाथची हिंमत झाली नाही. मांडणी बघणारा त्याचा दोस्त गयास फोटोपुढं थबकला, त्यानं डोळे पुसले आणि स्वतःच लिहून टाकलं : 'तहानलेली भूमी'.

साल दुष्काळाचं होतं. बायाबापड्या फोटोला हात जोडू लागल्या. कन्नड तालुक्यातल्या एका म्हाताऱ्यानं तर हे आपलंच खालचं वावर आहे म्हणून सांगितलं आणि बांधावरची बाभूळ कुणी तोडली म्हणून भावकीला शिव्या घातल्या.

पहिलं बक्षीस बद्रीनाथला जाहीर झालं. द्यायला आलेले तहसीलदार साहेब फोटोपुढून हलेनात.

"हे रान कुणाचं?"

"घरचंच आहे, साहेब." बद्रीनाथला खोटं बोलता येत नसे.

"किती आहे?"

"दोन तुकडे. शेजारी-शेजारी."

"कुणाच्या नावावर?"

"बायकोच्या."

"दोन्ही असेच भेगाळलेत?"

"डावा जास्त."

"उद्या मी स्वतः टँकर घेऊन येतो," ते म्हणाले.

बद्रीनाथ बक्षिसाचा कप काखेत लपवून घरी आला. बायकोला सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच तो जेवायला बसला. पण सांगायला तोंड उघडलं की त्यात घासच जाई. जेवण झालं, सांगणं राहिलं.

सकाळी दारात जीप उभी राहिली. तिच्यामागं टँकर. गल्ली गोळा झाली. साहेब हातात फोटोची छोटी प्रत घेऊन उतरले. "चला, रान दाखवा."

बद्रीनाथ दाराआड सरकू लागला. तेवढ्यात स्टेशनापल्याडच्या विहिरीवरून, डोक्यावर दोन हंडे घेऊन, सारजाबाई अनवाणी आली.

"काय झालं वो? एवढी मान्सं कशापायी?"

मग मात्र बद्रीनाथनं सगळं भडाभडा सांगून टाकलं. भाता, माशी, झोप, टाच, सगळं. गल्ली पोट धरून हसली. साहेब लालबुंद झाले. सारजाबाईनं हंडे उतरवले, साहेबांच्या हातातला फोटो घेतला आणि जवळ धरून, लांब धरून पाहिला. बद्रीनाथनं डोळे मिटून घेतले.

टँकरचा ड्रायव्हर हबीब खिडकीतून डोकावला. "साहेब, टँकर वापस न्यायचा का?"

साहेबांनी तोंड उघडायच्या आत सारजाबाईनं लुगड्याचा काठ वर धरला आणि डावी टाच सगळ्यांना दिसेल अशी उंबऱ्यावर टेकवली.

"वापस कशाला, भाऊ? पानी आनू आनूच ही जमीन फाटलीय. सोड नळी हितंच."