आत कोणीतरी आहे

अप्पांच्या खांद्याखालच्या कातडीतला हिरवा दिवा दर चार सेकंदांनी एकदा लुकलुके. आज तो चार सेकंदांत दोनदा लुकलुकला. शाल्मलीने लॅपटॉप उघडला. वडिलांचे ठोके ऑफिसातून पाहता यावेत म्हणून, कृत्रिम हृदयाची प्रणाली सुधारताना तिनेच नेटवर्कची वाट खुली ठेवली होती. तिने घाईघाईने यूएसबीची वायर अप्पांच्या खांद्याखालच्या सॉकेटला जोडली. शेलमध्ये, म्हणजे हृदयाला थेट आज्ञा देण्याच्या खिडकीत, आणखी कोणीतरी आज्ञा टाइप करत होतं. तिने त्याला हाकललं. तो लगेच परतला. ठोके एकशेतीसवर गेले.

"नेटवर्क तोड म्हणून दोन वर्षं सांगतोय," अप्पा धापा टाकत म्हणाले.

"मग हॉस्पिटललाही काही कळणार नाही, अप्पा."

"न कळू दे. सत्तर वर्षं कोण बघत होतं गं?"

ठोके एकशेसाठ झाले.

"तोडते," शाल्मली म्हणाली.