गाठींवरची माणसं

विलायतेत कापसाची टंचाई पडली आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. त्या वर्षी अमरावतीच्या कुस्त्यांना व्यापाऱ्यांना बसायला म्हणून आखाड्याभोवती कापसाच्या गाठी मांडल्या होत्या. त्यातल्या दोन-चार खुशालरावांच्याच वावरातल्या कापसाच्या.

शेवटची कुस्ती लागली. खुशालरावांचा भगवंत आणि अकोल्याचा पहेलवान. हात भिडले तसे बसलेले व्यापारी गाठींवर उभेच राहिले. मागून खुशालराव टाचा उंचावून ओरडले, "अवो, खाली बसा नं! माह्या पोराची कुस्ती हाय, मले काईच दिसून नाई राहिलं!"

"मंग तुमीबी उभे राहा नं, बाबाजी," गाठीवरचा एक जण मागे न पाहताच बोलला.

"उभाच तं हावो, शेठजी."

तेवढ्यात मातीत धप्पकन कोणीतरी आदळलं. ढोल वाजले, पागोटी उडाली. जिंकणाऱ्याला खांद्यावर घेऊन नाचायची रीतच होती, तेवढा तरी दिसेल म्हणून खुशालराव डोळे ताणून वर बघत राहिले.


सगळ्यांच्या डोक्यांवर एक पहेलवान आला. त्या दिवशी खुशालरावांना नीट दिसलेला तो एकच, अकोल्याचा.