ओंडक्यावरचा खंड्या

“काका, श्वाससुद्धा हळू घ्या,” सहल काढणारी मृण्मयी कुजबुजली. “तिबोटी खंड्या तुमच्या टोपीवर बसलाय.”

या चिमुकल्या रंगीत पाखराच्या एका फोटोसाठी आठल्येकाका कित्येक वर्षं जंगलातल्या डासांना रक्त पाजत होते. आजही पानापानांचे कपडे घालून, तोंडाला चिखल फासून ते पहाटेपासून झऱ्याकाठी बसले होते. हातात कॅमेरा तयार होता. पण स्वतःच्या टोपीचा फोटो काढायचा कसा? आणि हललं, तर पाखरू उडणार. समोर बाकी सगळ्यांचे कॅमेरे खटाखट वाजू लागले.

“काका, नाक जरा आत घ्या,” कुणीतरी म्हणालं. “ओंडक्याला नाक नसतं.”

काकांनी जमेल तेवढं आत घेतलं.

पुढे पक्ष्यांच्या फोटोंच्या प्रदर्शनात त्या दिवशीच्याच एका फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. खाली लिहिलं होतं, ‘कुजक्या ओंडक्यावर तिबोटी खंड्या’. काकू बराच वेळ बघत राहिल्या. “अहो, पक्षी छानच आहे. पण ओंडका ओळखीचा वाटतोय.”

तेवढ्यात मृण्मयी आली. “काका, रविवारी पुन्हा जातोय. तुम्हाला फी माफ. कॅमेरा नसला तरी चालेल, टोपी तेवढी आणा.”

“येतो,” काका म्हणाले. मान मात्र त्यांनी हलवली नाही.