कासिल्दानं काठी गाडीतच ठेवली

काठी नको म्हणून कासिल्दानं ती डिकीतच टाकली. चौऱ्याऐंशी वर्षांचे गुडघे कुरकुरत होते. कुरकुरू देत.

डिकीत एक भरलेली तपकिरी बॅग होती. मंगळवारी सून बेगोन्या फोनवर दबक्या आवाजात म्हणाली होती, "हो सिस्टर, रविवारी घेऊन येते. आईंना अजून काही सांगितलं नाही." सिस्टर म्हणजे नदीपलीकडच्या आश्रमातल्या. डोकं गेलेल्या माणसांना तिथं ठेवतात. हे समजायला शाळा लागत नाही. कासिल्दाच्या कपाटातली चिंधीही हलली नव्हती. म्हणजे कपडे नवे घेतले. एवढी घाई.

आणि वर म्हणे, आईला बुर्गोसचं कॅथेड्रल दाखवू. तिथं तिकीट लावल्यापासून कासिल्दा आत गेली नव्हती. देवाच्या घरी कसलं तिकीट?

पण आज तिनं ठरवलं होतं. आपलं डोकं शाबूत आहे हे दाखवायचं आणि रात्री आपल्याच बिछान्यात झोपायचं.

आत गारठा होता. थडग्यांवर दगडी सरदार उताणे पडले होते. कुठला बिशप कुठं पुरलाय, कुठल्या खांबाशी धाकटी बहीण उपासानं भोवळ येऊन पडली होती, सगळं कासिल्दानं न विचारता सांगितलं. बेगोन्या नुसतं हं हं करत होती. तिनं नवऱ्याची बाही धरली होती.

"साठीच्या बाप्याला पोरासारखं काय धरतेस गं? पळून जाईल का तो?"

"गर्दी आहे, आई."

माझा आन्सेल्मो पार बायकोच्या मुठीत गेला, कासिल्दाच्या मनात आलं. हल्ली गाडीसुद्धा तीच चालवायची.

घड्याळातला माशीखाऊ बाहुला ठोक्यागणिक तोंड उघडतो, तो पाहायला सगळे माना वर करून थांबले. ठोके संपले, बाहुल्यानं तोंड मिटलं, लोक पांगले. आन्सेल्मो मात्र तोंड उघडं टाकून वर बघत राहिला.

"मिट आता. माशी जाईल," कासिल्दा म्हणाली. तो हसला.

जेवताना तिनं नातवंडांचे वाढदिवस ओळीनं म्हणून दाखवले. सूपचा थेंब सांडला नाही. बेगोन्या नवऱ्याच्या ताटातलं मटण कापून देत होती. आता भरव पण, असं कासिल्दानं सुनावलं, तशी ती उठून गेली आणि रडून लाल झालेल्या डोळ्यांनी परतली. मन खातंय हिला, कासिल्दानं ओळखलं.

निघताना आन्सेल्मोनं परत कॅथेड्रलच्या दाराशी जाऊन एक मेणबत्ती लावली आणि आईचा हात घट्ट धरला.

"आई, रागावू नकोस हं. माझंच ठरलंय हे. तिला बोलू नकोस."

म्हणजे हाही सामील. कासिल्दानं हात सोडवून घेतला आणि गाडीत मागं जाऊन बसली.

आश्रमाच्या दारात गाडी थांबली. कासिल्दानं कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. रडायचं नाही, पाया पडायचं नाही.

"उतरते मी," ती म्हणाली. "डोकं कुणाचं गेलंय ते देव बघतोय."

आतून एक म्हातारी सिस्टर आली, कासिल्दाच्या खिडकीवरून तशीच पुढं गेली, आणि पुढचं दार उघडून हात देत म्हणाली, "या आन्सेल्मो, सावकाश उतरा."