अनुमोदक

"आबा, बाजारातल्या बायकांचं ते ह्या वर्षी तरी काढू नका. लोक हसतात," बजेटच्या सभेला निघालेल्या वडिलांना क्रांती म्हणाली.

"ते म्हंजे? मुतारी म्हण की," नगरसेवक भाऊसो टोपी झटकत म्हणाले. "दिसभर भाजी इकणाऱ्या बायांनी जायाचं कुठं, पोरी?"

सभेत त्यांनी दरवर्षीप्रमाणे बायकांच्या मुतारीसाठी तरतुदीची सूचना मांडली. "आवं भाऊसो, म्होरल्या सभेला लुगडं नेसूनच या," मागून कुणीतरी म्हणालं आणि सभागृह खिदळलं. अध्यक्षांनी अनुमोदक कोण, असं विचारलं. एकही हात वर झाला नाही आणि सूचना दरवर्षीप्रमाणेच बारगळली. दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊसो झोपेतच गेले.

पुढच्या सभेत त्यांच्या शोकप्रस्तावाला अनुमोदन द्यायला सगळे हात वर झाले. "माताभगिनींचा कैवारी हरपला," अध्यक्ष म्हणाले. सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि खाली बसले.

प्रेक्षकांच्या बाकांपाशी क्रांती तेवढी उभीच राहिली.



"आबा, बायकांच्या मुतारीला माझं अनुमोदन आहे."