मुगाच्या डाळीचा डबा

"डब्यावर दोघांच्याच बोटांचे ठसे मिळाले, बाई. तुमचे आणि तुमच्या मिस्टरांचे," फौजदार म्हणाले. "घरातल्यांचे ठसे घरात असायचेच, ते आम्ही वगळतो. चोरानं हातमोजे घातले असणार."

मुगाच्या डाळीचा रिकामा डबा टेबलावर होता. डाळीखाली माझ्या आईच्या पाटल्या होत्या. मला उद्या काही झालं तर माहीत असावं, म्हणून ती जागा मी एकट्या यांना सांगून ठेवली होती.

"हातमोजे घालण्याइतक्या या बायका हुशार असतात," हे म्हणाले. "तिला चौकीवर न्या, म्हणजे बोलेल."

दारात आमच्या कामवाल्या द्वारकाबाई उभ्या होत्या. ठसे देताना लागलेली शाई पदराला पुसत त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मी डब्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे.

"अहो, सगळ्यांना जरा चहा टाकता का?"

यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं, पण परक्या माणसांसमोर नाही म्हणवेना. ते आत गेले. बराच वेळ झाकणं उघडल्याचे आवाज येत राहिले. शेवटी हाक आली, "अगं, साखर कशात ठेवतेस?"



"साहेब, लग्न झाल्यापासून या माणसानं पाणीसुद्धा हातानं घेतलेलं नाही," मी फौजदारांना म्हटलं. "साखर त्यांना अजून सापडत नाहीये. मुगाची डाळ मात्र बरोबर सापडली."